पांडा डिप्लोमसी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगाच्या पाठीवर कुठेही पांडा विमानात चढवला की प्रश्नांचा पाऊस पडतो, आणि त्यातले निम्मे दर वेळी तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. वेळ कमी असेल तर ५, ७ आणि १२ हे तीन वाचा, बराचसा गुंता तिथेच सुटतो.

१. पांडा डिप्लोमसी म्हणजे नेमकं काय?

रानात राहणारा जायंट पांडा जगात फक्त चीनमध्ये आहे. सिच्वान, शाआन्शी आणि गान्सू या प्रांतांतल्या थंड, बांबूच्या डोंगरांत. दुसऱ्या कुठल्याच देशाकडे तो नाही, त्यामुळे कुणाला द्यायचा, कधी द्यायचा आणि किती वर्षांसाठी, हे सगळं बीजिंग ठरवतं. ज्या देशाशी जवळीक वाढवायची आहे किंवा नुकतीच वाढली आहे, तिथे पांडाची जोडी पाठवायची, या रीतीला हे नाव पडलं आहे. बातम्यांत "चीनची भेट" असं छापून येतं, पण आज ते जवळजवळ नेहमीच चुकीचं असतं (पाहा प्रश्न ५).

२. ही प्रथा तेराशे वर्षं जुनी आहे म्हणतात. खरं का?

सम्राज्ञी वू झतियान यांनी इ. स. ६८५ मध्ये जपानला दोन अस्वलं पाठवली, ही गोष्ट प्रत्येक लेखात असते. ती अस्वलं पांडाच होती, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मात्र नाही. गोष्ट छान आहे, म्हणून टिकली आहे.

खात्रीची सुरुवात १९४१ ची. जपानविरुद्धच्या युद्धात अमेरिकेतून आलेल्या मदतीबद्दल आभार म्हणून चीनचे तेव्हाचे राष्ट्रवादी, कम्युनिस्टविरोधी नेते च्यांग कै-शेक यांच्या पत्नी सूंग मेलिंग आणि त्यांच्या थोरल्या भगिनी सूंग आयलिंग यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाला दोन पांडा दिले. म्हणजे पांडा डिप्लोमसी कम्युनिस्टांनी शोधलेली नाही, ती त्यांना वारशात मिळाली. त्याआधी परदेशी लोक चीनमध्ये येऊन पांडाची शिकार करत किंवा जिवंत पकडून नेत. १९३६ मध्ये रूथ हार्कनेस या अमेरिकन बाईंनी सू-लिन नावाचं पिल्लू अमेरिकेत नेलं आणि तिथे लोक पांडासाठी वेडे झाले.

माओंच्या काळात पहिला मान अर्थातच मॉस्कोला मिळाला. १९५७ मध्ये पिंग पिंग आणि १९५९ मध्ये आन आन. त्यानंतर उत्तर कोरिया, १९६५ ते १९८० दरम्यान पाच पांडा. यादी बघितली तरी त्या काळी चीनचे मित्र किती मोजके होते ते कळतं.

३. डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संवर्धन संस्थेच्या बोधचिन्हातला पांडाही चीननेच दिला होता का?

नाही, तो व्यापाऱ्याच्या हातून आला होता. हाइनी डेमर नावाच्या ऑस्ट्रियन प्राणी-व्यापाऱ्याने आफ्रिकेतले प्राणी बीजिंगला देऊन त्या बदल्यात ची ची ही मादी मिळवली. शिकागोच्या प्राणिसंग्रहालयाला ती हवी होती, पण अमेरिकेने तेव्हा कम्युनिस्ट चीनच्या मालावर बंदी घातली होती आणि त्या कायद्याच्या लेखी पांडा हाही चिनी माल ठरला. अखेर १९५८ मध्ये ती लंडनला पोचली. १९६१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ स्थापन झाली तेव्हा बोधचिन्हाची कल्पना तिच्यावरूनच घेतली.

पुढे १९६६ मध्ये तिला मॉस्कोच्या आन आनशी जुळवायला विमानाने नेलं. शीतयुद्ध ऐन भरात असताना लंडन आणि मॉस्को ही सोयरीक जमवत होते! दोन वर्षांनी आन आनही लंडनला येऊन गेला. जमलं काहीच नाही.

४. निक्सन आणि सिगारेटच्या डब्याची गोष्ट काय आहे?

फेब्रुवारी १९७२, बीजिंगमधली मेजवानी. पॅट निक्सन यांच्या शेजारी पंतप्रधान चौ एन-लाय बसले होते आणि टेबलावर पांडाचं चित्र असलेल्या सिगारेटी होत्या. पॅट बाईंनी चित्राचं कौतुक केलं आणि चौ म्हणाले, तुम्हाला देतो की. सिगारेटी नव्हे, पांडा. किस्सा असाच सांगतात. एप्रिलमध्ये लिंग-लिंग आणि शिंग-शिंग वॉशिंग्टनला उतरले. अमेरिकेने परतफेड म्हणून मिल्टन आणि मटिल्डा ही कस्तुरी-बैलांची जोडी बीजिंगला पाठवली. कोणाच्या भेटीसाठी रांगा लागल्या हे सांगायला नको.

या एका जोडीने पुढचं दशक घडवलं. ऑक्टोबर १९७२ मध्ये जपान, १९७३ मध्ये फ्रान्स, १९७४ मध्ये ब्रिटन, १९७५ मध्ये मेक्सिको, १९७८ मध्ये स्पेन, १९८० मध्ये पश्चिम जर्मनी. चीनने ज्या ज्या राजधानीशी नव्याने संबंध जोडले होते, तिथे तिथे पांडा पोचला. गंमत म्हणजे अमेरिकेशी औपचारिक राजनैतिक संबंध १९७९ मध्ये जुळले. पांडा राजदूताच्या सात वर्षं आधी पोचला होता.

५. मग आता चीन पांडा भेट देतो की भाड्याने?

भाड्याने. इतर देशांना कायमची भेट देणं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या निमित्ताने काही महिन्यांसाठी पांडा पाठवले गेले आणि मग अल्प मुदतीच्या भाड्याचा धंदाच सुरू झाला. एका पांडामागे महिन्याला पन्नास हजार डॉलर, असा दर असे. पांडा दाखवला की तिकीटविक्री वाढते, त्यामुळे अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत चढाओढ लागली. त्याच वर्षी पांडा आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, सर्वांत कडक यादीत गेला. प्रजननाच्या वयातले प्राणी असे गावोगाव फिरवणं चूक आहे म्हणून १९८८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने थेट अमेरिकी सरकारलाच कोर्टात खेचलं.

त्या गोंधळातून आजची पद्धत निघाली. साधारण दहा वर्षांचा करार, जोडीचं वार्षिक शुल्क आणि कागदावर उद्देश "संशोधन व संवर्धन". १९९६ मध्ये सॅन डिएगोला गेलेली जोडी याचं पहिलं मोठं उदाहरण. करारावर सही सहसा परराष्ट्र मंत्रालयाची नसते. चिनी बाजूने बहुधा चायना वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन असोसिएशन ही संस्था असते आणि समोर प्राणिसंग्रहालय. राष्ट्रप्रमुख येतात ते फोटोपुरते.

६. भाडं किती असतं, आणि पैसा जातो कुठे?

ढोबळ दर जोडीमागे वर्षाला दहा लाख डॉलर, म्हणजे साडेआठ-नऊ कोटी रुपये. एडिंबरा साडेसात लाख पौंडांच्या आसपास भरत असे. घासाघीस चालते, त्यामुळे सगळ्यांचा आकडा सारखा नसतो.

पण भाडं हा खर्चाचा एकच भाग. घर बांधायचं, ते थंड ठेवायचं, आणि बांबू! एक पांडा दिवसाला १२ ते ३८ किलो बांबू फस्त करतो आणि कालचा उरलेला आज खाईल याची खात्री नाही. फिनलंडमधल्या आह्तारी या छोट्या गावाने ८० लाख युरोंहून जास्त खर्चून घर बांधलं, २०१८ मध्ये जोडी आली, पण आधी कोविड आणि मग महागाई. पंधरा वर्षांचा करार असताना २०२४ मध्येच त्यांनी स्वतःहून पांडा परत पाठवले.

भाड्याचा पैसा रानातल्या पांडांच्या संवर्धनासाठी वापरायचा असतो, अमेरिकेत तर तशी कायद्याचीच अट आहे. प्रत्यक्षात २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कागदपत्रं तपासून दाखवलं की त्यातला काही पैसा इमारती आणि रस्त्यांवरही गेला. म्हणून "पांडा वाचवण्यासाठीचं भाडं" हे शब्द थोडे सावधपणे वाचावेत.

७. पिल्लू परदेशात जन्मलं तर ते कोणाचं?

चीनचं. जन्मगाव बर्लिन असो की सोल. बहुतेक करारांत पिल्लासाठी वेगळं शुल्क असतं आणि ते साधारण तीन-चार वर्षांचं झालं की चीनला जातं. रानातही याच वयाच्या आधी ते आईपासून सुटं झालेलं असतं, त्यामुळे "आईपासून तोडलं" ही हळहळ अनाठायी आहे.

मुदत वाढवून मिळते. वॉशिंग्टनला २००५ मध्ये जन्मलेला ताय शान २०१० पर्यंत तिथेच होता. या नियमाला अपवाद आहेत, ते ८, ९ आणि १० मध्ये.

८. मेक्सिकोतला पांडा चीनचा नाही, हे कसं काय?

कारण त्याच्या आजी-आजोबांच्या वेळी भाडं नव्हतंच. पे पे आणि यिंग यिंग १९७५ मध्ये चापुल्तेपेकच्या प्राणिसंग्रहालयात आले ते कायमची भेट म्हणून, त्यामुळे त्यांची संततीही मेक्सिकोची. १९८१ मध्ये जन्मलेली तोहुई ही चीनबाहेर जन्मून जगलेली पहिली पांडा. तिची मुलगी शिन शिन, जन्म १९९०. शिन शिनचा बाप च्या-च्या हा ब्रिटनला १९७४ मध्ये मिळालेला पांडा, म्हणजे तोही भेटीतलाच. दोन्ही बाजूंनी भाडेकराराचा संबंध नाही, म्हणून चीनचा हक्क नाही.

शिन शिनला पिल्लं नाहीत, त्यामुळे ही शाखा तिच्यापाशीच संपते. "जुन्या भेटीतले पांडा इतरत्र का उरले नाहीत?" असंही विचारतात. बहुतेक ठिकाणी पिल्लं जगलीच नाहीत. वॉशिंग्टनच्या लिंग-लिंगला पाच पिल्लं झाली, एकही काही दिवसांपलीकडे वाचलं नाही. मादी वर्षातून जेमतेम एक ते तीन दिवस माजावर येते आणि जन्मतः पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास असतं. तेव्हाच्या तंत्राला ते झेपलं नाही.

९. तैवानला पांडा कोणत्या नियमाने मिळाले?

सगळ्यांत अवघड प्रश्न. चीन इतर देशांना पांडा भेट देत नाही, पण तैवान हा त्याच्या मते दुसरा देशच नाही. म्हणून २००५ मध्ये त्याने तैवानला जोडी "भेट" देऊ केली. भाड्याने घेतले तर आपण परदेश ठरतो, भेट घेतली तर चीनचा भाग ठरतो, अशी ही तैवानची अडचण होती. भर म्हणून नावं ठेवली त्वान त्वान आणि युआन युआन. दोन्ही जोडून वाचली की "पुनर्मीलन". अध्यक्ष चेन श्वेई-ब्यान यांच्या सरकारने नकार दिला. मा यिंग-च्यौ सत्तेवर आल्यावर होकार मिळाला आणि डिसेंबर २००८ मध्ये पांडा तैपेईला पोचले. तैवाननेही आपल्याकडचे सिका हरीण आणि शेळीसारखे दिसणारे सेरो पाठवले, म्हणजे देवाणघेवाण झाली असं म्हणायला जागा राहिली.

इथे जन्मलेल्या युआन झाय (२०१३) आणि युआन बाओ (२०२०) या पिल्लांना परत जावं लागलं नाही. २०२२ मध्ये सामुद्रधुनीवर तणाव टोकाला असताना त्वान त्वान आजारी पडला, आणि तेव्हाही त्याला बघायला चिनी तज्ज्ञ तैपेईला आले.

१०. हाँगकाँग आणि मकावचं काय?

तिथे चीनचाच ध्वज आहे, त्यामुळे भेट. हाँगकाँगला १९९९, २००७ आणि २०२४ मध्ये जोड्या मिळाल्या. पिल्लांवरून वाद नाही.

११. भाड्याचा पांडा मेला तर?

पांडा चीनचा, म्हणून मृतदेहही चीनचा. मृत्यूचं कारण शोधायला चिनी तज्ज्ञ येतात, आणि हलगर्जी ठरली तर भरपाई द्यावी लागते. थायलंडच्या च्यांग माईमध्ये २०१९ आणि २०२३ मध्ये दोन्ही पांडा गेले, तेव्हा चीनमधल्या समाजमाध्यमांवर संतापाची लाट आली.

तशीच लाट २०२३ मध्ये मेम्फिसच्या या या हिच्यासाठी उसळली. जोडीदार मेला होता, ती रोडावलेली दिसत होती, कातडीच्या विकाराने केस गेले होते. दोन्हीकडच्या पशुवैद्यांनी काळजी नीट घेतल्याचं सांगितलं, पण ऐकतो कोण. एप्रिलमध्ये ती परतली ती एखाद्या सुटका झालेल्या कैद्यासारखी. पांडा पाठवण्याचा धोका चीनलाही असतो, तो असा. घरचे लोकच जाब विचारतात.

१२. पांडा परत नेला म्हणजे चीन रागावला का?

बहुतेक वेळा नाही. आधी कराराची तारीख बघा.

ताय शान ४ फेब्रुवारी २०१० ला वॉशिंग्टनहून निघाला. त्याच सुमारास ओबामा दलाई लामांना भेटणार म्हणून चीन बिथरला होता. दोन बातम्या शेजारी छापून आल्या आणि लोकांनी गाठ मारली. प्रत्यक्षात त्याच्या परतीची घोषणा डिसेंबर २००९ मध्येच झाली होती.

कॅनडाचं उदाहरण याहून बोलकं. नोव्हेंबर २०२० मध्ये कॅल्गरीचे पांडा मुदतीआधी परत गेले. हुआवे या चिनी कंपनीच्या अधिकारी मंग वानचौ यांना कॅनडात झालेल्या अटकेमुळे दोन्ही देशांचं तेव्हा भांडण जुंपलेलं होतं. पण पांडा परत पाठवण्याची मागणी कॅल्गरीनेच केली होती, कारण कोविडमध्ये विमानं बंद पडली आणि ताजा बांबू येईना. फिनलंडची कथा वर आलीच आहे.

मलेशियाचे पांडा २०२५ मध्ये परतले, तेही दहा वर्षांचा करार संपल्यावर. येताना मात्र त्यांना उशीर झाला होता: २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच३७० हे विमान बेपत्ता झालं, त्यातले बहुतेक प्रवासी चिनी होते, आणि तशा वातावरणात पांडाचं स्वागत शोभलं नसतं.

१३. मग नाराजी ओळखायची कशी?

जाणाऱ्या पांडाकडे बघू नका, त्याच्या जागी कोणी येतंय का ते बघा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनचे तिन्ही पांडा गेले. मेम्फिस आधीच रिकामं झालं होतं आणि अटलांटाचा करार संपत आला होता. "अमेरिकेत पांडा उरणार नाहीत" असे मथळे आले. त्याच महिन्यात शी जिनपिंग सॅन फ्रान्सिस्कोत म्हणाले की पांडा हे मैत्रीचे दूत आहेत. जून २०२४ मध्ये सॅन डिएगोला आणि ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला नवी जोडी आली.

जपानमध्ये उलटं घडलं. वाकायामाचे चार पांडा जून २०२५ मध्ये गेले, वेनोची जुळी भावंडं जानेवारी २०२६ मध्ये. करारांच्या मुदती आधीच ठरलेल्या होत्या. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये जपानच्या पंतप्रधान ताकाइची तैवानबद्दल जे बोलल्या त्यावरून संबंध बिघडले होते, आणि नवी जोडी काही जाहीर झाली नाही. १९७२ नंतर प्रथमच जपान पांडाविना राहिला.

जपानच्या बाबतीत एक जुनी आठवणही आहे. २०१२ मध्ये टोकियोचे गव्हर्नर इशिहारा यांनी वेनोत जन्मणाऱ्या पिल्लाचं नाव सेन सेन किंवा काकू काकू ठेवा असं सुचवलं होतं, वादग्रस्त सेनकाकू बेटांवरून. बीजिंग भडकलं. पिल्लू बिचारं आठवडाभरातच न्यूमोनियाने गेलं.

१४. पांडाच्या बदल्यात चीन व्यापारी सौदे करून घेतो का?

"बदल्यात" असं कुठे लिहिलेलं नसतं, पण योग जुळून येतात खरे. २०११ मध्ये एडिंबराच्या पांडांची घोषणा झाली तेव्हाच स्कॉटलंडच्या सामन माशासह बरेच व्यापारी करार झाले. त्याच्या आदल्या वर्षी चिनी सरकारचे तुरुंगातले टीकाकार ल्यू शियाओबो यांना शांततेचं नोबेल मिळाल्यामुळे नॉर्वेवर चीनची खप्पामर्जी झाली होती आणि नॉर्वेचा सामन अडला होता. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये असे योग मांडून दाखवले. पांडामुळे करार होतो असं नाही. करार ठरला की त्यावर पांडाचा शिक्का बसतो, असं म्हणणं जास्त बरोबर.

१५. एवढ्या खटाटोपाने पांडा वाचले का?

संख्या वाढली आहे. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत रानात १,८६४ पांडा होते, १९८० च्या दशकातल्या गणनेत अकराशेच्या आसपास. २०१६ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेने त्यांना "संकटग्रस्त" श्रेणीतून एक पायरी खाली आणलं. माझ्या मते याचं मोठं श्रेय शिकारबंदीला, राखीव जंगलांना आणि १९९८ च्या यांगत्से पुरानंतर आलेल्या वृक्षतोडबंदीला जातं. परदेशांतून पशुवैद्यकीय ज्ञान आणि पैसा आला, हे खरं. पण तिकडून परतलेली पिल्लं रानात जात नाहीत, ती चीनमधल्या केंद्रांतच राहतात.

१६. भारताला पांडा का मिळाला नाही?

वेळ कधी जुळलीच नाही. "हिंदी-चिनी भाई भाई"च्या काळात पांडा फक्त मॉस्कोला जात होते. १९६२ नंतर प्रश्नच मिटला. १९७० च्या दशकात भेटींचा सुकाळ होता तेव्हा आपण सोव्हिएत बाजूचे मानले जात होतो. दिल्ली आणि बीजिंगमध्ये राजदूत परतले तेच १९७६ मध्ये. भाड्याच्या काळात सीमावाद, डोकलाम, गलवान.

पण केवळ वैर हे कारण पुरत नाही, कारण पाकिस्तानातही पांडा नाही. नुसती मैत्री पुरत नाही, त्याला पोसण्याची तयारी आणि खिसाही लागतो.

आणि प्राणी पाठवण्यात आपणही मागे नव्हतो. १९४९ मध्ये नेहरूंनी टोकियोच्या मुलांसाठी इंदिरा नावाची हत्तीण पाठवली. ती राहिली वेनोमध्येच, जिथे १९७२ मध्ये चीनचे पांडा आले. फरक इतकाच की आपण तिचं भाडं मागितलं नाही.

१७. दार्जिलिंगला पांडा आहे की!

तो लाल पांडा. सिक्कीम, अरुणाचल आणि उत्तर बंगालमध्ये तो रानातही आढळतो. नाव आणि बांबूची आवड सोडली तर नातं लांबचं. जायंट पांडा अस्वलांच्या कुळातला, लाल पांडाचं कुळच वेगळं.

१८. राणीच्या बागेत पेंग्विन आले, मग पांडा का नाही?

पेंग्विन २०१६ मध्ये सोलहून आले, त्यात चीनसारखी कुणाची मक्तेदारी नव्हती आणि वर्षाचं भाडंही नव्हतं. तरीही खर्चावरून किती गदारोळ झाला ते मुंबईकरांना आठवत असेल. पांडासाठी आधी दोन सरकारांमध्ये समझोता, मग दरवर्षी साडेआठ-नऊ कोटी, वर वातानुकूलित घर. मुंबईची हवा ही त्यातली सगळ्यांत छोटी अडचण. सिंगापूर आणि कतारने ती पैशाने सोडवली आहे.

१९. आम्हाला जवळात जवळ कुठे बघायला मिळेल?

सिंगापूरच्या रिव्हर वंडर्समध्ये २०१२ पासून काय काय आणि ज्या ज्या आहेत, त्यांचा करार २०२७ पर्यंत वाढवला आहे. आखातात राहणाऱ्यांसाठी कतारमधलं अल खोर, जिथे २०२२ च्या विश्वचषकाआधी सुहैल आणि थुराया आले. हाँगकाँगला ओशन पार्क आहे. भरपूर बघायचे असतील तर सिच्वानमधलं चेंगडूचं संशोधन केंद्र, तिथे पिल्लंही दिसतात. कुठेही गेलात तरी सकाळी, खाण्याच्या वेळी जा. दुपारी बहुतेक वेळा झोपलेल्या पांडाची पाठच दिसते. आणि तिकीट काढण्याआधी त्या प्राणिसंग्रहालयाच्या वेबसाइटवर पांडा अजून तिथेच आहेत ना, ते एकदा बघून घ्या.